अमेरिकन नाण्याचं साल निम्मंच सापडलं, तरी चार स्टार

एक स्टार कामून कापला ते खाली सांगतो, आधी चांगलं. जुन्या नाण्यांचं हे दुकान शहागंजच्या आतल्या गल्लीत आहे, मॅप बरोबर नेतो पण शेवटी विचारतच जावं लागतं, "नाणेवाले चाचा" मनलं की कुणीही बोट दाखवतं. गाडी मात्र आत नेऊ नका, वळवायला जागा नाही.

मी जालन्याहून गेलो. मामा पूर्वी जहाजावर होते, त्यांच्याकडची दोन अमेरिकन नाणी माझ्याकडं आलीत, एक पाच सेंटचं, ज्याच्या एका बाजूला तिथल्या मूळ रहिवाशाचं डोकं अन् दुसऱ्या बाजूला रानरेडा, त्याला बफेलो निकेल मनतात, अन् दुसरं पाव डॉलरचं चांदीचं, त्यावर ढाल धरून उभी असलेली बाई. दोन्ही इतकी घासलेली की सालाचा पत्ताच नाही. ऑनलाइन विचारलं तर एकजण मनतो फेकून दे, दुसरा मनतो करोडपती झालास. मग इथं गेलो.

चाचांनी नाणं हातात घेतल्या घेतल्या आधी काट्यावर ठेवलं, मग भिंग. मी आपला साल, साल करायलो तर मनले थांब बेटा, साल सगळ्यात शेवटी बघायचं असतं. समोर निजामाचे रुपये पडले होते, त्यातला एक उचलून दाखवला, त्यावरच्या चारमिनारच्या कमानीत बारीक उर्दू अक्षर असतं, मीम असलं तर निजाम महबूब अली खान, ऐन असलं तर उस्मान अली खान, मंजे 1911 च्या नंतरचं, हिजरी सालाचे आकडे पार गेले असले तरी एवढं कळतंच. मनले अमेरिकेचं पण असंच आहे, फक्त बघायच्या जागा वेगळ्या.

तर निकेलचं असं आहे. हे नाणं 1913 ते 1938 निघालं अन् साल टाकलं त्या माणसाच्या खांद्यावर, जो भाग वर आलेला आहे, त्यामुळं खिशात घासून सगळ्यात आधी तोच जातो. (डिझाईन करणाऱ्याने एवढा देखणा रेडा काढला अन् साल कुठं टाकावं ते नाही सुचलं, नवल आहे.) पण उलटं करा. रेडा जर मातीच्या उंचवट्यावर उभा असेल तर डोळे झाकून 1913, कारण तो उंचवटा त्याच वर्षी मधेच काढून टाकला अन् खाली सरळ रेघ केली. माझ्या नाण्यावर रेघ होती. त्याच्या खाली भिंगातून एस अक्षर दिसलं, मंजे सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीचं, डी असतं तर डेन्व्हर, काहीच नसतं तर फिलाडेल्फिया.

मग चाचांनी ट्यूबलाइट बंद केली अन् मोबाईलचा टॉर्च नाण्याच्या कडेला एकदम आडवा धरला, वरून नाही, आडवा, अन् नाणं हळूहळू फिरवत गेले. सरळ उजेडात जिथं नुसता गुळगुळीत पत्रा होता तिथं आकड्याचा एक तिरका पाय सावलीत दिसला. शेवटचा आकडा सात. मी मनलं मग 1937 च असेल, तर मनले 17 पण असेल, 27 पण असेल, तिन्ही वर्षी एस निघालंय, मी कशाला खोटं सांगू. हे मला लै आवडलं, कारण दुसरा कुणी असता तर महागातलं वर्ष सांगून दोन हजार मागितले असते.

मी फेरिक क्लोराइडचं विचारलं. सर्किट बोर्ड करणारे वापरतात तेच, खांद्यावर थेंब टाकला की गेलेला आकडा परत दिसतो, कारण ठशाखाली जिथं धातू दाबला गेला तिथं केमिकल वेगळं लागतं. चाचांकडं असं एक निकेल ठेवलेलं आहे, दाखवतात, आकडा दिसतो खरा पण भोवती काळपट खरखरीत डाग, तो जात नाही. जमवणारे अशा नाण्याला कमीच भाव देतात. मनले तुझं आहे, घरी जाऊन कर, माझ्या दुकानात नाही करणार. मी नाही केलं, तीन वर्षांपैकी एक, एवढ्यावर माझं भागतं.

चांदीच्या क्वार्टरचं, मंजे त्या पाव डॉलरचं, काम उलट पटकन झालं. ते 1916 ते 1930 चं असतं, साल बाईच्या पायाखालच्या पायरीवर, तेही असंच घासायचं, मनून 1925 पासून अमेरिकेने साल खोलगट केलं अन् मग टिकायला लागलं. मंजे साल साफ गेलेलं असेल तर ते बहुतेक करून 1925 च्या आधीचं. मागं गरुडाच्या खाली तीन तारे होते, ते 1917 मधे आले. मग उरलं 1917 ते 1924, त्यातून 1922 काढा, त्या वर्षी क्वार्टर पाडलेच नाहीत. तारे नसते तर 1916 ची आशा होती, तो फक्त 52,000 निघालेला, पण तसलं नशीब आपलं कुठं. वजन नवं असताना 6.25 ग्रॅम, 90 टक्के चांदी, माझं त्यापेक्षा कमी भरलं, झिजल्यामुळं.

आता कापलेला स्टार. बसायला एकच स्टूल आहे अन् त्यावर कायम कुणीतरी बसलेलं असतं, मधेच गिऱ्हाईक आलं की तुमचं नाणं बाजूला ठेवून चाचा तिकडं. बघायचे पन्नास रुपये घेतात, ते ठीक आहे, पण आधी सांगत नाहीत. शुक्रवारी दुपारी बंद असतं, मॅपवर उघडं दाखवतंय, कुणीतरी दुरुस्त करा. अन् क्वार्टर विकतो का मनून विचारलं तेव्हा जो भाव सांगितला तो चांदीच्या वजनापेक्षाही कमी होता, चेहरा एकदम भोळा ठेवून. विकायचं असेल तर आधी सराफ्यात चांदीचा भाव विचारून जा.