राव जोधा डेझर्ट रॉक पार्क: मेहरानगढालगतच्या खडकाळ पायवाटा

जोधपूरला येणारे बहुतेक प्रवासी मेहरानगढ पाहून थेट जसवंत थडा या संगमरवरी स्मारकाकडे वळतात आणि किल्ल्याला लागून असलेले राव जोधा डेझर्ट रॉक पार्क त्यांच्या यादीतच नसते. सुमारे ७२ हेक्टरांचे हे उद्यान पाहावे ते तेथे काय लावले आहे यापेक्षाही तेथून काय उपटून काढले आहे, हे समजून घेण्यासाठी.

विसाव्या शतकात या परिसरात वेडी बाभूळ पसरली. मूळची अमेरिका खंडातली ही काटेरी वनस्पती, स्थानिक भाषेत बावळिया, एकदा रुजली की आपल्या आसपास दुसरे फारसे काही वाढू देत नाही, आणि नुसती तोडली तर बुंध्यापासून पुन्हा फुटते. मेहरानगढ म्युझियम ट्रस्टने २००६ साली ती हटवण्याचे काम हाती घेतले तेव्हा मुळे खडकातून खोलवर खणून काढण्यावाचून पर्याय नव्हता. वृक्षांचे अभ्यासक आणि लेखक प्रदीप कृष्ण यांच्या मार्गदर्शनाखाली ते काम केले खंडवालियांनी, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या दगड फोडणाऱ्या कारागिरांनी. हातोड्याच्या ठोक्याचा आवाज ऐकून खडक कोठे भेगाळला आहे हे ते ओळखत. बाभळीची मुळे काढून रिकाम्या झालेल्या त्याच खड्ड्यांत मग थोर, कुमट यांसारखी मरुभूमीतली मूळची झाडे लावली गेली. फेब्रुवारी २०११ मध्ये उद्यान लोकांसाठी खुले झाले.

प्रवेश सिंघोरिया पोळ या सतराव्या शतकातील दरवाजातून होतो. तेथील माहिती केंद्र घाईने ओलांडू नये. खडक आणि वनस्पतींची तोंडओळख तेथे झाली नाही, तर पुढचे सारे ‘नुसते दगड आणि काटे’ वाटण्याचा धोका आहे. पायवाटा रंगांच्या खुणांनी वेगळ्या केलेल्या आहेत. त्यांतली एक जुन्या कोरड्या कालव्याच्या तळातून जाते आणि माझ्या मते तीच सर्वांत सरस आहे, कारण दोन्ही बाजूंना कापलेला रायोलाइट हाताच्या अंतरावर असतो. सुमारे पंचाहत्तर कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीतून घडलेला हा तांबूस खडक इतका कठीण आहे, की त्याच्या चिरेत मूठभर माती धरून उभे असलेले रोप पाहिल्यावर खंडवालियांच्या मेहनतीचा अंदाज येतो.

मोठ्या जनावरांच्या अपेक्षेने येथे जाऊ नये. दिसतात ते पक्षी, सरडे, फुलपाखरे आणि कीटक, तेही थांबून पाहणाऱ्याला. ऋतूची निवड मात्र अनुभव पालटून टाकते. उन्हाळ्यात थोराच्या पानरहित, काटेरी जुड्या करड्या दिसतात. पावसाच्या सरींनंतर त्याच जुड्यांवर हिरवी पाने येतात आणि खडकांच्या फटींतून गवत व अल्पायुषी रोपे वर येतात. त्यामुळे पावसाळ्याचा उत्तरार्ध उत्तम, हिवाळा आल्हाददायक, आणि एप्रिल-मेमध्ये जायचेच असेल तर सकाळी लवकर, कारण वाटेवर सावली जवळपास नाहीच.

जाड तळव्यांचे बूट आणि भरपूर पाणी बरोबर असावे. वनस्पतींची ओळख नसल्यास उद्यानातील मार्गदर्शक अवश्य घ्यावा. किल्ल्याचे छायाचित्र एवढाच हेतू असेल, तर माहिती केंद्राजवळचा थोडा भाग पाहून परतले तरी चालेल.