घरावर सरफेसीची नोटीस आल्यावर केलेला वकील, आठ महिन्यांनंतरचा अनुभव

आम्ही साताऱ्याचे, ह्यांचं लेथचं छोटं वर्कशॉप, एका मोठ्या गिऱ्हाइकाचं पेमेंट अडकलं आणि होमलोनचे ४ हप्ते थकले, हप्ता २१,८०० चा. ९० दिवस उलटले की खातं एनपीए (बँकेच्या लेखी थकीत कर्ज) होतं आणि मग बँक नुसती थकबाकी नाही तर सगळं कर्ज एकदम मागते हे आम्हाला सरफेसीच्या, म्हणजे थकलेल्या कर्जापायी बँकेला कोर्टात न जाता घर ताब्यात घेऊ देणाऱ्या कायद्याच्या, कलम १३(२) ची नोटीस हातात पडल्यावर कळलं. ६० दिवसांची मुदत होती. त्यात मी स्वतःच बँकेला पत्र लिहिलं, अडचण काय आहे, हिशोबात कोणते चार्जेस चुकीचे वाटतात, सगळं, आणि रजिस्टर पोस्टाने पाठवून पोचपावती जपून ठेवली. बँकेचं उत्तर काही आलं नाही, दोन महिन्यांनी थेट दारावर ताब्याची नोटीस चिकटवली आणि पेपरातही छापून आली. सासूबाईंना शेजारच्यांनी पेपर आणून दाखवला, तो दिवस अजून आठवतो.

पहिला वकील आमच्या ओळखीतला, भावकीच्या जमिनीच्या केसेस बघणारा. माणूस वाईट नाही पण हे त्याचं काम नव्हतं. म्हणाला दिवाणी कोर्टातून स्टे आणू, १५,००० घेतले, आज उद्या करत ३१ दिवस गेले. नंतर कळलं की सरफेसी कायद्याच्या कलम ३४ मुळे दिवाणी कोर्टाला अशा प्रकरणात हातच घालता येत नाही, डीआरटीतच, म्हणजे कर्जवसुलीच्या खास ट्रायब्युनलमध्येच, जावं लागतं, आणि तेही ताब्याच्या कारवाईपासून ४५ दिवसांच्या आत. म्हणजे आमच्या हातात राहिले १४ दिवस. आम्हाला साताऱ्यासाठी पुण्याचं डीआरटी लागतं. त्यामुळे ‘जवळचा वकील बघा’ हा सल्ला इथे नीट समजून घ्या, घराजवळचा नाही, त्या ट्रायब्युनलमध्ये रोज उभा राहणारा.

मी काय केलं तर सरळ पहाटेची एसटी धरून पुण्याला गेले आणि डीआरटीत दिवसभर बसून राहिले. कोण कर्जदाराच्या बाजूने उभं राहतंय, कोण बँकेच्या, तयारी करून कोण आलंय आणि कोण नुसती तारीख मागतंय हे दोन तासांत दिसतं. पहिल्या ज्या वकिलांना विचारलं ते म्हणाले मी तुमच्याच बँकेच्या पॅनलवर आहे, मला घेता येणार नाही. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं हे बरं झालं, पण हा प्रश्न तुम्ही स्वतःहून विचाराच.

ज्या मॅडम केल्या त्यांनी कर्ज किती हे नंतर विचारलं, आधी तारखा विचारल्या. नोटीस कधी मिळाली, पत्र कधी पोचलं, दारावर कागद कधी लागला. माझी ती पोचपावती बघून म्हणाल्या, ताई हा कागद फार कामाचा आहे, कारण १३(३ए) प्रमाणे बँकेने हरकतीला १५ दिवसांत कारणासकट उत्तर द्यायलाच हवं होतं. आणि त्याच बैठकीत हेही स्पष्ट सांगितलं की कर्ज काही माफ होणार नाही, मी तुम्हाला वेळ मिळवून देऊ शकते, त्या वेळात पैसे उभे करा. आधीच्या वकिलाने नेमकं हेच सांगितलं नव्हतं.

४० व्या दिवशी डीआरटीत कलम १७ चा, म्हणजे बँकेच्या कारवाईविरुद्धचा, अर्ज दाखल झाला. तोवर बँकेने प्रत्यक्ष ताब्यासाठी कलेक्टरकडे कलम १४ चा अर्जही टाकला होता, तो मंजूर झाला की पोलीस घेऊन येतात, म्हणून धाकधूक खूप होती. डीआरटीने दोन आठवड्यांत १.५ लाख भरायच्या अटीवर ताबा थांबवला, माझे दागिने आणि भावाने दिलेले पैसे मिळून ते भरले. मग मॅडमनी बँकेशी बोलणी लावली, एनपीए खातं नियमित व्हायचं तर सगळीच थकबाकी भरावी लागते, अर्धीमुर्धी चालत नाही, ती चार्जेससकट ३.१ लाखांवर गेली होती. उरलेले १.६ लाख भरायला पाचवा महिना उजाडला. बँकेने कारवाई मागे घेतली, घर राहिलं.

फी ४५,०००, तीन टप्प्यांत, प्रत्येकाची पावती, कोर्ट फी वेगळी. तक्रार आहे ती फोनची, मॅडम फोन उचलत नाहीत, आणि दोन तारखांना ज्युनिअर आला ज्याला केस पूर्ण माहीत नव्हती, मी कागद काढून दाखवत होते. व्हॉट्सॲपवर मात्र रात्री का होईना उत्तर यायचं.

फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, बायकांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळू शकतो. मला हे उशिरा कळलं याचं वाईट वाटतं, कारण माझं नाव कर्जात होतंच.

मागच्या आठवड्यात डीआरटीतला अर्ज काढून घेतला. सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या रेकॉर्डवर, अजून जुनंच दिसतंय, बँकेला दोनदा मेल केलाय, पण ते काम माझं मी करतेय, त्याला वकील लागत नाही.