पिवळ्या जिल्दीचे क्रिकेट-पंचांग : ‘विस्डेन’ घ्यावे का आणि कोणते घ्यावे

‘विस्डेन क्रिकेटर्स ॲल्मनॅक’ या इंग्रजी वार्षिकाच्या नावातील शेवटच्या शब्दाला मराठीत पंचांग हा नेमका शब्द आहे. आपल्याकडे गुढीपाडव्याच्या आसपास नवे पंचांग घरात येते आणि साधारण त्याच दिवसांत, एप्रिल महिन्यात, इंग्लंडमध्ये या ग्रंथाची नवी आवृत्ती निघते. पंचांगासारखाच हा ग्रंथही कोणी पहिल्या पानापासून अखेरपर्यंत वाचत नाही. अडले की काढायचा, हवे ते पान पाहायचे आणि मग जे शोधायचे नव्हते तेच वाचत तासभर बसायचे, अशी त्याची रीत आहे. आपले पंचांग येणाऱ्या वर्षाचे असते, हे मात्र सरलेल्या वर्षाचे. दीड हजारांहून अधिक पाने, विटेएवढी जाडी आणि भारतात मागवल्यास काही हजारांत जाणारी किंमत असा हा ऐवज असल्यामुळे, सगळी आकडेवारी मोबाइलवर फुकट मिळत असताना तो विकत घेण्यात शहाणपण आहे का, हा प्रश्न प्रत्येक क्रिकेटवेड्याला पडतो. माझ्या कपाटात या मालिकेचे सात खंड आहेत आणि त्या अनुभवावरून माझे उत्तर असे आहे की, विस्डेन जरूर घ्यावे, परंतु ताजे घेऊ नये.

या ग्रंथाचा जनक जॉन विस्डेन हा ससेक्स या इंग्लिश काउंटीचा (परगण्याचा) गोलंदाज ठेंगण्या चणीचा होता आणि १८५० मध्ये लॉर्ड्सवर त्याने एका डावातील दहाही फलंदाजांचा त्रिफळा उडवला होता. १८६४ मध्ये त्याने एक शिलिंग किमतीचे ११२ पानांचे पुस्तक काढले. धावफलकांनी पाने भरेनात, तेव्हा त्याने डर्बीच्या शर्यती जिंकणाऱ्या घोड्यांची यादी, इंग्लंडमधील कालव्यांची लांबी आणि तिथल्या यादवी युद्धातील लढायांच्या तारखाही छापून टाकल्या. आजच्या प्रश्नमंजूषा स्पर्धेत जो हमखास बाजी मारतो, त्याच्या डोक्यातील अडगळ अशीच असते. त्यामुळे या ग्रंथाचा पिंड आरंभापासूनच चौकस माणसाचा आहे, असे म्हणायला हरकत नाही. १९३८ पासून मुखपृष्ठावर एरिक रॅव्हिलियस या चित्रकाराचे उंच टोप्या घातलेल्या दोन खेळाडूंचे काष्ठचित्र आहे, आणि पिवळा रंग तर आता या ग्रंथाची ओळखच झाला आहे. २००३ पासून वेष्टनावर छायाचित्रही येऊ लागले. २०१४ च्या आवृत्तीवर सचिन तेंडुलकर होता.

पुस्तकाचा खरा कस त्याच्या विक्रमांच्या विभागात लागतो. प्रथम श्रेणी क्रिकेटमधील सर्वोच्च वैयक्तिक धावसंख्यांची यादी काढून पाहावी. पहिल्या ओळीत १९९४ मध्ये एजबॅस्टनवर डरहमविरुद्ध नाबाद ५०१ धावा करणारा ब्रायन लारा आहे, दुसऱ्या ओळीत पाचशेवी धाव घेण्याच्या नादात ४९९ वर धावचीत झालेला हनीफ महंमद आहे, तिसऱ्या ओळीत नाबाद ४५२ धावांचा डॉन ब्रॅडमन आहे आणि चौथ्या ओळीत आहेत बी. बी. निंबाळकर, नाबाद ४४३, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड, पुणे, १९४८-४९. कोल्हापूरच्या भाऊसाहेब निंबाळकरांच्या नावासमोर एकही कसोटी सामना नाही, आणि तरीही लारा, हनीफ आणि ब्रॅडमन यांच्या लगोलग खाली त्यांचे नाव कायमचे छापले गेले आहे. ही ओळ मी प्रथम पाहिली तेव्हा नावापुढील नाबाद दर्शवणाऱ्या चांदणीपाशी माझे बोट थांबले. ब्रॅडमनचा तेव्हाचा जागतिक विक्रम मोडायला दहा धावा कमी असताना डाव संपला तरी कसा?

यादी याचे उत्तर देत नाही. उत्तर असे की महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धावा झालेल्या असताना मध्यंतरात काठियावाडचा कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, पुढे खेळायलाच तयार झाले नाहीत. आपल्या संघाविरुद्ध असा विक्रम नोंदला जाणे त्यांना रुचले नाही, त्यांनी सामना सोडून दिला आणि निंबाळकर पॅड बांधलेले तसेच राहिले. त्याच डावात कमल भांडारकरांनी २०५ धावा केल्या होत्या आणि दोघांची दुसऱ्या गड्यासाठीची भागीदारी ४५५ धावांची होती. एका छोट्या चांदणीमागे एवढे सगळे दडलेले असते. ती दिसल्यावर शोध घ्यावासा वाटणे, हा या ग्रंथाचा मोठा गुण आहे. संकेतस्थळावर आपण नाव टाकतो, आकडा पाहतो आणि बाहेर पडतो. छापील पानावर मात्र शेजारच्या ओळी डोळ्यांना चुकवता येत नाहीत.

हेच शालेय आणि किरकोळ सामन्यांच्या विक्रमांच्या पानाबाबत म्हणता येईल. १८९९ पासून ए. ई. जे. कॉलिन्स या ब्रिस्टलच्या शाळकरी मुलाच्या नाबाद ६२८ धावा तिथे शतकभराहून अधिक काळ अग्रभागी होत्या; आता त्यांच्या वर कल्याणच्या प्रणव धनावडेच्या, जानेवारी २०१६ मधील, नाबाद १००९ धावा आहेत. १९८८ च्या हॅरिस शिल्ड या मुंबईतील शालेय स्पर्धेतील शारदाश्रम शाळेच्या कांबळी-तेंडुलकर जोडीची अभंग ६६४ धावांची भागीदारीही याच पानांत सापडते. इंग्लंडमधील उच्चभ्रू शाळांची नावे आणि कल्याणमधील शाळेचे नाव एकाच रकान्यात, एकाच टाइपात वाचण्याचे सुख वेगळेच आहे.

ताजे घेऊ नये, असे मी वर म्हटले, त्याचे कारण जुन्या खंडांत आहे. १९४७ ची आवृत्ती उघडली की १९४६ चा भारतीय संघाचा दौरा समोर येतो. लंडनच्या ओव्हल मैदानावर सरे या काउंटी संघाविरुद्ध भारताची अवस्था ९ बाद २०५ अशी असताना दहाव्या आणि अकराव्या क्रमांकावर आलेल्या चंदू सरवटे आणि शुटे बॅनर्जी यांनी अनुक्रमे नाबाद १२४ आणि १२१ धावा करून अखेरच्या गड्यासाठी २४९ धावा जोडल्या. प्रश्नमंजूषेत या भागीदारीवरचा प्रश्न मी आजवर चारदा ऐकला आहे आणि उत्तर देणाऱ्यांपैकी निम्म्यांना तरी सरवटे कितव्या क्रमांकावर आले हे सांगता आलेले नाही. त्याच दौऱ्यात विनू मंकड यांनी हजाराहून अधिक धावा आणि शंभराहून अधिक बळी अशी दुहेरी कामगिरी केली आणि विस्डेन दरवर्षी जे ‘वर्षाचे पाच क्रिकेटपटू’ निवडते, त्यांत त्या खंडात त्यांची निवड झाली.

१९७२ ची आवृत्ती माझ्या मते मराठी वाचकाने प्रथम शोधावी. २४ ऑगस्ट १९७१ रोजी, गणेश चतुर्थीच्या दिवशी, ओव्हलवर अजित वाडेकरांच्या संघाने इंग्लंडमधील पहिला कसोटी विजय आणि त्याबरोबर मालिकाही जिंकली. चेसिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयातून बेला नावाची हत्तीण त्या दिवशी मैदानावर आणली गेली होती, ही गोष्ट आपल्याकडे अनेकांना तोंडपाठ असते. मी मात्र त्या धावफलकावरच रेंगाळतो. इंग्लंड सर्वबाद १०१, फिरकी गोलंदाज चंद्रशेखर ३८ धावांत ६ बळी. वरून खाली येताना ‘फ्लेचर झे. सोलकर गो. चंद्रशेखर ०’ आणि पुढे ‘नॉट झे. सोलकर गो. वेंकटराघवन १’ या दोन ओळी लागतात, आणि हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा सोलकर फलंदाजाच्या पुढ्यात हातभर अंतरावर वाकून उभा असलेला दिसू लागतो. इंग्लंडच्या जेमसनपुढे नुसते ‘धावचीत १६’ आहे. लकहर्स्टने मारलेला चेंडू चंद्रशेखरच्या हाताला लागून यष्ट्यांवर गेला आणि पुढे सरसावलेला जेमसन बाहेर सापडला, हे त्या एका शब्दात मावत नाही. चंद्रशेखरला त्या खंडात वर्षाच्या पाचांमध्ये जागा मिळाली. कर्णधार वाडेकरांना ती कधीच मिळाली नाही. हा मान खेळाडूला आयुष्यात एकदाच मिळावा आणि निवड मुख्यतः इंग्लंडमधील मोसमावरून व्हावी असा जुना दंडक आहे, त्यामुळे गावसकर १९८०, वेंगसरकर १९८७, तेंडुलकर १९९७, श्रीरामपूरचा झहीर खान २००८ आणि रोहित शर्मा २०२२ अशी एकेक नोंद सापडते. भारतीय स्त्री खेळाडूचे नाव या यादीत येण्यासाठी २०२३ साल उजाडावे लागले; ते नाव हरमनप्रीत कौरचे होते.

मृत्युलेखांचा विभाग हा या ग्रंथाचा सर्वांत वाचनीय भाग आहे, असे मी बिनदिक्कत म्हणेन. १९१६ च्या आवृत्तीत महायुद्धात गेलेल्या तरुणांची पानेच्या पाने आहेत. त्यांत कवी रूपर्ट ब्रुक यांची नोंद आहे; शाळेच्या संघाच्या गोलंदाजीच्या सरासरीत ते अव्वल होते हे तिथे आधी सांगितले आहे आणि कवी म्हणूनही त्यांचे नाव झाले होते हे जाता जाता. १९६५ च्या आवृत्तीत तर पीटर या मांजराचा मृत्युलेख आहे. त्याने आपल्या चौदा वर्षांपैकी बारा वर्षे लॉर्ड्स मैदानावर काढली होती, आणि त्याची नोंद माणसांच्या नोंदींच्या रांगेतच, त्याच गंभीर सुरात केलेली आहे. अलीकडच्या खंडांत विलक्षण घटनांची एक स्वतंत्र सूची असते. तीत सामना कोणकोणत्या तऱ्हेवाईक कारणांनी थांबला हे अत्यंत कोरड्या भाषेत दिलेले असते. मुलांना क्रिकेटचे पुस्तक हातात द्यायचे असेल तर आधी हे पान उघडून द्यावे.

आता दोष. पहिला आणि सर्वांत खटकणारा दोष म्हणजे हा ग्रंथ अजूनही मनाने इंग्लंडमध्येच राहतो. अठराही काउंटी संघांना प्रत्येकी स्वतंत्र प्रकरण मिळते, आणि ४२ वेळा रणजी करंडक जिंकणाऱ्या मुंबईचा सगळा मोसम मात्र भारताच्या वाट्याला आलेल्या थोडक्या पानांत उरकला जातो. वानखेडेवर चार दिवस बसून पाहिलेल्या सामन्याचा तिथे एका ओळीत निकाल वाचताना वाईट वाटते. याच उणिवेवर उपाय म्हणून २०१३ मध्ये सुरेश मेनन यांच्या संपादनाखाली ‘विस्डेन इंडिया ॲल्मनॅक’ सुरू झाले होते. देशी स्पर्धांत रस असणाऱ्याने ते खंड कुठे मिळाले तर सोडू नयेत. दुसरा दोष टाइपाचा. चाळिशीनंतर हे पुस्तक चष्म्यासह आणि दिव्याखालीच वाचावे लागते, आणि कागद इतका पातळ आहे की मागच्या पानावरील अक्षरे पुढे डोकावतात. तिसरा दोष पुस्तकाचा कमी आणि आपल्या हवेचा अधिक आहे : मुंबईच्या पावसाळ्यात हा कागद दमट होऊन फुगतो आणि कसर लागायला वेळ लागत नाही. मी कपाटात कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवतो आणि दर दसऱ्याला सगळे खंड गच्चीत सावलीत उघडून ठेवतो.

विकत घेतानाही डोळे उघडे ठेवावेत. ताज्या आवृत्तीच्या माझ्या एकमेव खरेदीत एका ऑनलाइन विक्रेत्याने पुठ्ठ्याच्या बांधणीचे पैसे घेऊन मऊ बांधणीची प्रत पाठवली, तीही कोपरा दुमडलेली, आणि बदलून मिळण्यात तीन आठवडे गेले. त्याहून मोठा धडा मला फोर्टातील पदपथावर मिळाला. १९७२ चा खंड साडेसातशे रुपयांत मिळाल्याच्या आनंदात मी तो न उलगडता पिशवीत टाकला, घरी येऊन चहाचा कप शेजारी ठेवून उघडला, आणि पाहतो तो भारताच्या दौऱ्याची सगळी पाने कोणीतरी ब्लेडने शिस्तीत कापून नेलेली. विक्रेत्याला दोष देण्यात अर्थ नव्हता. त्याने पुस्तक उघडूनही पाहिले नसावे. पाने कापणाऱ्याला मात्र कोणती पाने मोलाची आहेत हे अचूक माहीत होते. पुढे पुण्यात दुसरी प्रत मिळाली तेव्हा मी आधी दुकानातच उभ्याने पाने मोजली.

तेव्हा ज्याला केवळ आकडे हवे आहेत त्याने पैसे वाचवावेत, आणि संग्रह म्हणून मांडणाऱ्यानेही १९१६ सारख्या दुर्मीळ खंडांच्या मागे लागू नये, कारण त्यांच्या किमती सामान्य नोकरदाराच्या आवाक्याबाहेर गेल्या आहेत. ज्याला एकच खंड घ्यायचा आहे त्याने आपल्या लहानपणी रेडिओला कान लावून ऐकलेला एखादा मोसम आठवावा आणि त्याच्या पुढच्या वर्षाची आवृत्ती मागावी. हे पुढचे वर्ष विसरून चुकीचा खंड घेणारे पुष्कळ असतात. १९८३ च्या विश्वचषकासाठी १९८४ ची प्रत लागेल, आणि १९७५ मध्ये लॉर्ड्सवर एकदिवसीय सामन्यात गावसकरांनी साठ षटके खेळून काढलेल्या त्या नाबाद ३६ धावांसाठी १९७६ ची. ही दुसरी प्रत मी गेली तीन वर्षे शोधतो आहे. पाने शाबूत असतील तर वेष्टन नसले तरी चालेल.