आर्देश की केर्सी? निवांत सायकलिंगसाठी कुठे जावं

पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस (पीबीपी), ही फ्रान्समधली सुमारे १२०० किलोमीटरची सायकलस्वारी, आता २०२७च्या ऑगस्टमध्ये, आणि पुण्या-मुंबईच्या बीआरएमवाल्यांचा, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब पल्ल्याच्या सायकलस्वाऱ्या पुऱ्या करणाऱ्यांचा, प्रश्न ठरलेला आहे. व्हिसा, विमान, सायकलची पेटी एवढा खटाटोप करून जायचंच आहे, तर आधी किंवा नंतर आठवडाभर कुठेतरी निवांत चालवून यावं. पण कुठे? आल्प्स आणि पिरेनीज मी यातून सरळ वगळतो. नावाजलेल्या खिंडी एकदा बघाव्यात, पण ऑगस्टात तिथे मोटारींची आणि कॅम्पर व्हॅनची वर्दळ असते. निवांतपणा हवा तर मध्यम उंचीचा, खेड्यापाड्यांचा डोंगराळ फ्रान्स गाठावा. त्यात माझ्या मते खरी निवड दोघांतच आहे: र्‍होन नदीच्या पश्चिमेचा आर्देश, नाहीतर नैर्ऋत्येला लॉट जिल्ह्यातला केर्सी, म्हणजे फिजाक, काहोर आणि रोकामादूर यांच्या मधलं चुनखडीचं पठार. दोन्हीकडे मुक्काम ठोकून भरपूर हिंडलो आहे. तेव्हा हे मत अनुभवाचं, मोजमापाचं नाही.

चढांचं म्हणाल तर आर्देशला तोड नाही. झ्वायोझ गावातून बोम नदीच्या खोऱ्याने व्हालगोर्ज गाठायचं, तिथून लूबारेस आणि मग १३७१ मीटरवरची मेराँची खिंड. पोलादपूरहून आंबेनळीने महाबळेश्वरला सायकल चढवली असेल, तर हा चढ तुम्हाला लगेच ओळखीचा वाटेल. तोच दम, तोच न संपणारा पण अंगावर न येणारा चढ, बहुतेक पाच-सहा टक्क्यांचा. खाली द्राक्षमळे, मग चेस्टनटची जुनी खोडं, मग बीच आणि पाइन, आणि वर पोहोचलात की मोकळं गवत. हवा स्वच्छ असली तर वरून थेट र्‍होनपलीकडचा व्हाँतू डोंगर दिसतो. आणखी उत्तरेला गेलात तर १५५१ मीटर उंचीचा जेर्बिये द जोंक आहे. फ्रान्सची सगळ्यात लांब नदी ल्वार त्याच्या पायथ्याशी उगम पावते. एका दिवसात एकच मोठा चढ, तो संपल्यावर एकच मोठा उतार, असं ज्यांना आवडतं त्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

केर्सीत असा एकही चढ नाही. सेले किंवा लॉट नदीच्या काठावरून पठारावर जायला तीन-चार किलोमीटर लागतात, उंची जेमतेम दोनशे मीटर वाढते. वर थोडी वळणावळणाची वाट, की पुन्हा खाली दुसऱ्या खोऱ्यात. दिवसातून पाच-सहा वेळा हेच. संध्याकाळी बेरीज केली तर चढाई आर्देशइतकीच भरते, पण घरी येऊन ज्याचं नाव सांगावं असा घाट त्यात सापडत नाही. इथपर्यंत पारडं आर्देशकडेच झुकतं, हे मान्य.

माझं मत फिरवलं ते मोटारसायकलींनी.

आर्देशचे रस्ते गुळगुळीत आहेत आणि वळणं झकास. मोंते कार्लो या मोटारींच्या रॅलीचे टप्पे वर्षानुवर्षं ब्युर्झे आणि आंत्रेगच्या आसपास झाले आहेत. तेव्हा इंजिनवर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाला ही वळणं माहीत असतात. शनिवार-रविवारी ऊन पडलं की सहा-सहा, आठ-आठ जणांचे ताफे निघतात. धोका म्हणाल तर मला फारसा जाणवला नाही. मंडळी शिस्तीची असतात, अंतर राखून पुढे जातात. आपण जरा कडेला झालो तर उजवा पाय पायफळीवरून उचलून बाहेर काढतात. ही त्यांची आभार मानायची पद्धत. त्रास आहे तो आवाजाचा. घाटात एक मोटारसायकल तीन वळणं खालीच असताना ऐकू येते. प्रत्येक वळणावर तिचा गिअर पडतो, पुन्हा चढतो. मग ती शेजारून जाते आणि तेवढाच वेळ डोक्यावरच्या वळणांतून तेच सगळं ऐकवत राहते. असे आठ जण थोड्या-थोड्या अंतराने आले तर अर्धा तास गेला. वाहनं मोजायला बसलात तर आकडा सांगेल की रस्ता रिकामा आहे. कान तसं म्हणणार नाहीत. आणि आपण ताशी आठ-नऊ किलोमीटरने चढत असतो, त्यामुळे त्या खोऱ्यातून लवकर सुटकाही नसते.

मधल्या वारी, जुलै-ऑगस्ट टाळून गेलात तर हाच आर्देश अगदी वेगळा वाटतो, हे सांगायलाच हवं. जूनमध्ये सें-फेलिसियाँहून ‘आर्देश्वाज’ निघते. १९९२ पासून चालत आलेला सायकलींचा मोठा मेळा आहे तो, आणि त्यासाठी रस्ते मोटारींना बंद करतात. पण तेव्हा रस्त्यावर हजारो सायकली असतात. मजा येते, निवांतपणा येत नाही.

आता केर्सीचं दुखणं: तिथला रस्ता खरखरीत आहे. उन्हाळ्यात जिल्ह्याची माणसं रस्त्यावर डांबर फवारतात, वर बारीक खडी टाकतात आणि ती दाबण्याचं बरंचसं काम येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांवर सोडतात. ‘ग्राव्हियों’ अशी पाटी दिसली की वळणावर ब्रेक जपून दाबायचा. खडी बसल्यावरही हाताला मुंग्या येतील इतपत खडबडीतपणा राहतोच. पठारावरच्या वाटा एका गाडीपुरत्या, कित्येक ठिकाणी मधोमध गवताची पट्टी. आणि माझ्या मते त्यामुळेच तिथे शांतता टिकली आहे. असल्या वाटेवर कोण हौसेने महागडी मोटारसायकल घालेल? २८ ऐवजी ३२ मिलिमीटर रुंदीचे टायर चढवले, हवा जरा कमी ठेवली, की खडबडीतपणाची तक्रार बरीचशी मिटते. सायलेन्सरच्या आवाजावर मला अजून उपाय सापडलेला नाही.

लिव्हर्नोंच्या बाजूने कानियाकच्या दिशेने गेलात की मी काय म्हणतोय ते कळेल. दोन्ही बाजूंना गुडघाभर उंचीचे, चुन्याशिवाय रचलेले दगडी बांध, त्यांच्यावर दगडफूल, मागे ठेंगणी ओकची झाडं. मेंढ्या पांढऱ्या, पण डोळ्यांभोवती काळी वर्तुळं आणि कानही काळे, सगळा कळप चष्मा लावून बसल्यासारखा. साखळीला तेल हवंय हे मला तिथे ऐकू आलं. आर्देशच्या घाटात ते बहुधा ऐकू आलं नसतं.

पाण्याची गोष्ट मात्र आधी समजून घ्या. चुनखडी पाणी पिऊन टाकते. पठारावर ओढे नाहीत, नद्या आहेत त्या जमिनीच्या पोटात. दोन बाटल्या संपल्या आणि गावातलं एकुलतं एक दुकान सोमवार म्हणून बंद, हे सहज होऊ शकतं. अशा वेळी गावाबाहेरचं स्मशान गाठायचं. कबरींवरच्या फुलांना पाणी घालण्यासाठी तिथे बहुतेक ठिकाणी नळ असतो. फ्रान्समध्ये लांबचं सायकलिंग करणारे सर्रास तिथेच बाटल्या भरतात, तेव्हा नाक मुरडू नका. पाणी पिण्याजोगं नसल्याची पाटी तेवढी बघायची. आर्देशमध्ये गावोगावी कारंजी आहेत, ही वेळ सहसा येत नाही.

शाकाहाऱ्यांनाही आर्देश थोडा सोपा. बटाटा किसून तव्यावर भाजलेली ‘क्रीक’ मिळते, ‘पिकोदों’ हे शेळीच्या दुधाचं चीज मिळतं. शिवाय चेस्टनटचं गोड क्रीम ट्यूबमध्ये मिळतं. १८८५ पासून प्रिव्हामध्ये बनतंय, आणि जर्सीच्या मागच्या खिशात ट्यूब नीट मावते, कुठल्याही एनर्जी जेलपेक्षा बरी. केर्सी म्हणजे बदकांचा मुलूख. तिथे सॅलड मागवलं तरी त्यात बदकाचा पेटा निघू शकतो, आधी विचारून घ्यावं. रोकामादूरचं चीज, अक्रोड आणि हंगामात खरबूज यांवर माझी दुपार छान भागते, पण प्रत्येकाची भागेलच असं नाही.

पोहोचायला केर्सी सोपा. पॅरिसच्या ऑस्टरलिट्झ स्टेशनवरून काहोरला थेट गाडी आहे, फक्त सायकलचं आरक्षण आधी करा. आर्देशच्या आतल्या भागात प्रवासी रेल्वे नाहीच. व्हालान्स नाहीतर मोंतेलिमारला उतरून र्‍होन ओलांडावी लागते.

पीबीपी ऑगस्टमध्ये असते, ही अडचण माझ्या लाडक्या केर्सीला जास्त नडते. पठारावर सावली थोडी, आणि पारा पस्तिशीच्या वर जाऊ शकतो. तरी मी फिजाकला किंवा सेलेच्या काठी मार्सियाकला खोली घेईन, उजाडताच निघेन, पठार सकाळीच उरकेन आणि दुपारी नदीत पाय सोडून बसेन. उकाडा अजिबात सोसत नसेल तर आर्देशला जा, पण खाली ओबनाच्या बाजूला न राहता वर इसार्लेस तळ्याच्या आसपास राहा. तिथे हवा थंड असते. मोठे घाट मंगळवार ते गुरुवारात बसवा आणि सकाळी नऊच्या आत चढायला लागा. मोटारसायकलवाले कॉफी झाल्याशिवाय सहसा निघत नाहीत.