गोल शिचिरिन की लांबट कोन्रो?

जपानी पद्धतीची टेबलावरची कोळशाची शेगडी घ्यायला गेलं की दोन आकार समोर येतात. एक गोल, बुटकी शिचिरिन. दुसरी लांबट, खोक्यासारखी कोन्रो. लोक काय भाजायचं यावरून निवड करतात. मी आधी विचारेन, निखारे पेटवणार कुठे आणि विझवणार कसे?

भाजण्यापुरतं बोलायचं तर कोन्रो ही याकितोरीवाल्यांची, म्हणजे काडीला टोचून कोंबडीचे तुकडे भाजणाऱ्यांची. ती अरुंद असते, त्यामुळे काडीची दोन्ही टोकं काठांवर टेकतात आणि मांस जाळीशिवाय थेट निखाऱ्यांवर राहतं. पण एवढी लांबी भरायला कोळसाही तेवढाच लागतो. दोघातिघांच्या जेवणाला ही उधळपट्टी. शिचिरिनचं थोडक्या निखाऱ्यांवर भागतं. जाळी ठेवा आणि सान्मा मासा भाजा, शिताके अळंबी भाजा, याकि-ओनिगिरी म्हणजे भाताचे गोळे भाजा. शाकाहारी घरात वांगी आणि कणसं. तळाशी हवेची खिडकी असते. ती सरकवून आच कमीजास्त करायची. आपली मातीची शेगडी वापरलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही.

पारंपरिक शेगड्या, मग आकार कुठलाही असो, डायटोमाइट मातीच्या असतात. सूक्ष्म शैवालांच्या अवशेषांची ही सच्छिद्र माती उष्णता आत धरून ठेवते. किमतीतला फरक घडणीमुळे पडतो. जपानच्या नोतो द्वीपकल्पातल्या सुझू गावात खाणीतून अखंड ठोकळा कापून, कोरून, भाजून शेगडी करतात. ती हलकी, टिकाऊ आणि महाग. १ जानेवारी २०२४ च्या ७.६ तीव्रतेच्या भूकंपाचा या गावाला मोठा फटका बसला. दुसरा प्रकार म्हणजे माती दळून, मळून साच्यात दाबलेली शेगडी. ती स्वस्त असते आणि पहिल्या खरेदीला पुरेशी.

पाणी मात्र दोन्हींना वर्ज्य. धुवायची नाही, पावसात ठेवायची नाही, निखाऱ्यांवर पाणी ओतून विझवायची तर मुळीच नाही, तडकते. राख गार झाली की ब्रशने झाडायची, घासायची ती फक्त जाळी. नवी शेगडी आधी थोड्या कोळशावर रिकामीच तापवून आतला ओलावा घालवायचा. बाहेरची बाजू आतल्याइतकी तापत नाही खरी, तरी खाली फरशी किंवा जाड फळी हवीच.

कोळशात नाव मोठं बिंचोतानचं. जपानच्या वाकायामा प्रांतात उबामे ओकच्या लाकडापासून करतात. आपटला तर धातूसारखा वाजतो, तासन्‌तास जळतो, धूर जवळजवळ नाही. पण पेटायला सहज अर्धा तास घेतो, आणि ओलसर असताना एकदम तापवला तर फुटून ठिणग्या उडतात. घरच्या वापराला मी ओगातान सुचवेन: भुसा दाबून केलेल्या, मधे भोक असलेल्या नळ्या. स्वस्त, धूर कमी, आणि बराच वेळ टिकतो.

धूर नाही म्हणजे धोका नाही, हा समज जीव घेतो. कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, आणि बिनधुराचा कोळसाही तो सोडतोच. याकितोरीच्या दुकानात शेगडीवर धुरांडं असतं, ते केवळ चरबीच्या धुरासाठी नव्हे. घरात खिडकी किलकिली करून भागत नाही. तंबूत किंवा गाडीत तर विझत आलेली शेगडीही न्यायची नाही. अलार्म जरूर घ्या, पण त्याच्या भरवशावर आत पेटवू नका.

विझवायला हिकेशित्सुबो, म्हणजे घट्ट झाकणाचं भांडं. चिमट्याने निखारे आत टाका, झाकण लावा, रात्रभर तसंच राहू द्या. वरून राखाडी दिसणाऱ्या बिंचोतानच्या पोटात विस्तव असू शकतो, म्हणून सकाळपर्यंत कचऱ्यात काही टाकायचं नाही. उरलेला कोळसा पुढच्या वेळी लवकर पेटतो. इथे शिचिरिन पुन्हा सोयीची, कारण निखारे कमी असल्याने एका भांड्यात मावतात. कोन्रो घेणाऱ्याने भांडंही मोठं घ्यावं.

थोडक्या माणसांना शिचिरिन, काड्यांचीच हौस असेल आणि मोकळं अंगण असेल तर कोन्रो. जपानमधल्या पुष्कळ इमारतींत बाल्कनीत विस्तव पेटवायला मनाई असते. तुमच्याकडे तेवढीच जागा असेल तर दोन्ही राहू द्या आणि विजेची ग्रिल घ्या.