ओआरएममध्ये एसक्यूएलचा तुकडा घालावा, की अख्खी क्वेरीच हाताने लिहावी?

ओआरएम म्हणजे आपल्या कोडवरून डेटाबेसचं एसक्यूएल तयार करणारी लायब्ररी. क्वेरी जवळजवळ सगळी ओआरएममध्ये बसलेली असते, एखादी अट किंवा सॉर्टिंग तेवढं अडतं. तेव्हा तीन वाटा असतात: लायब्ररीच्याच एक्स्प्रेशनमध्ये ते बसवायचं, तिथे कच्च्या एसक्यूएलचा तुकडा घालायचा, किंवा अख्खी क्वेरी हाताने लिहायची. माझं मत आधीच सांगतो: तुकडा लिहायला सगळ्यात कमी वेळ लागतो आणि नंतर सगळ्यात जास्त सांभाळावा लागतो.

हाताने लिहिलेली क्वेरी पूर्ण डोळ्यांसमोर असते. तुकड्याच्या आजूबाजूचं एसक्यूएल मात्र ओआरएम तयार करतं आणि ते आपल्याला दिसत नाही. आमच्या एका लाराव्हेल (पीएचपीचं फ्रेमवर्क) प्रोजेक्टमध्ये तिकिटांच्या यादीला आधी कंपनीच्या आयडीची अट होती, आणि पुढे 'व्हेअर-रॉ'ने (कच्ची अट जोडणारं फंक्शन) एक तुकडा जोडला होता: स्टेटस ओपन ऑर प्रायॉरिटी ३ पेक्षा जास्त. 'व्हेअर-रॉ' तुकड्याभोवती कंस घालत नाही, आणि एसक्यूएल 'अँड' आधी सोडवतं, 'ऑर' नंतर. त्यामुळे जास्त प्रायॉरिटीची तिकिटं दुसऱ्या कंपन्यांचीही यादीत आली. एरर आली नाही. टेस्टही पास झाल्या, कारण टेस्टमध्ये डेटा एकाच कंपनीचा होता. रेल्स (रुबीचं फ्रेमवर्क) वापरताना 'व्हेअर'ला स्ट्रिंग दिली तर कंस आपोआप पडतात, जँगो या पायथन फ्रेमवर्कचं 'रॉ-एसक्यूएल'ही ते घालतं. एकीकडची सवय दुसरीकडे चालेल असं धरू नका, कंस स्वतः घाला.

कॉलमच्या नावाचंही तसंच. तुकड्यात नुसतं 'क्रिएटेड-अ‍ॅट' लिहिलंत आणि पुढे कुणी तोच कॉलम असलेल्या टेबलाशी जॉइन केला, की डेटाबेसला कुठला कॉलम ते कळत नाही आणि क्वेरी फुटते. पुढे टेबलाचं नाव लावलं तर बरं, पण ओआरएमने त्या टेबलाला वेगळं अलिअस (क्वेरीपुरतं दुसरं नाव) दिलं तर तेही चुकतं. एक्स्प्रेशन वापरलं तर ही काळजी लायब्ररी घेते.

इंजेक्शनचा, म्हणजे बाहेरून आलेल्या व्हॅल्यूतून कुणी स्वतःचं एसक्यूएल घुसवण्याचा, धोका तुकड्यात आणि पूर्ण क्वेरीत सारखाच. व्हॅल्यू पॅरामीटरनेच द्यायची, आणि प्लेसहोल्डरभोवती (व्हॅल्यूच्या जागी ठेवलेली खूण) अवतरणचिन्हं घालायची नाहीत. कॉलमचं नाव किंवा सॉर्टिंगची दिशा पॅरामीटरने जात नाही. त्यासाठी चालणाऱ्या नावांची यादी कोडमध्येच ठेवा. रेल्सचं 'एरेल डॉट एसक्यूएल' काहीही साफ करत नाही, ते फक्त 'ही स्ट्रिंग मी तपासली आहे' असं सांगतं. एक्स्प्रेशनही डोळे झाकून वापरू नयेत: २०२२ मध्ये जँगोच्या 'अ‍ॅनोटेट', 'अ‍ॅग्रिगेट' आणि (कच्चा तुकडा जोडायच्या) 'एक्स्ट्रा'मध्ये कॉलमच्या अलिअसमधून इंजेक्शन करता येत असल्याचं उघड झालं आणि पॅच काढावा लागला.

तुकडा घालण्याआधी डॉक्युमेंटेशन पुन्हा बघा. जँगोत सबक्वेरी आणि 'एक्झिस्ट्स' १.११ मध्ये आले, विंडो फंक्शन २.० मध्ये. त्याआधीच्या कोडमधले कितीतरी 'एक्स्ट्रा' आज काढून टाकता येतात. जँगोचं डॉक्युमेंटेशनही 'एक्स्ट्रा'ला शेवटचा उपाय म्हणतं.

रिपोर्ट मोठा असेल, रिकर्सिव्ह सीटीई (स्वतःलाच पुन्हा वापरणारी, नाव दिलेली सबक्वेरी) लागत असेल, तर मी सरळ पूर्ण क्वेरी लिहितो. एसक्यूएलअल्केमी हे पायथनचं ओआरएम वापरत असाल तर थांबा, तिथे रिकर्सिव्ह सीटीई एक्स्प्रेशनमध्येच लिहिता येतो. पूर्ण क्वेरीत एक गोष्ट मात्र हातची जाते: जँगोच्या 'रॉ'वर पुढे 'फिल्टर' लावता येत नाही.

तुकड्याची खरी जागा तिथेच आहे. यादीवर वापरणाऱ्याने निवडलेले फिल्टर आणि पेजिनेशन बसणार आहे, आणि अडतंय ते डेटाबेसचं एखादंच खास फंक्शन किंवा ऑपरेटर, तर तुकडा घाला. तो एका नाव दिलेल्या स्कोपमध्ये किंवा फंक्शनमध्ये ठेवा, चार ठिकाणी कॉपी करू नका. टेस्ट प्रॉडक्शनवर आहे त्याच डेटाबेसवर चालवा. पोस्टग्रेसचं 'डेट-ट्रंक' एसक्यूलाइटवर चालत नाही. टेस्टमध्ये किमान दोन कंपन्यांचा डेटा असू द्या, आणि मर्ज करण्याआधी तयार झालेलं एसक्यूएल प्रिंट करून 'व्हेअर'पासून शेवटपर्यंत वाचा.