शाळेत सामायिक टॉयलेट की मुलामुलींची वेगळी? चार मांडण्यांचं परीक्षण

निकाल आधीच सांगून टाकतो. आठ वर्षं आणि त्यावरच्या मुलांसाठी मुलींचं वेगळं, मुलग्यांचं वेगळं आणि जोडीला आतच वॉशबेसिन असलेल्या दोन-तीन स्वतंत्र खोल्या, ही मांडणी शाळेत सगळ्यात नीट चालते. जमिनीपासून छतापर्यंत बंद असलेली सामायिक टॉयलेटं दुसऱ्या क्रमांकावर, तीही काळजीपूर्वक बांधली तरच. आणि जुन्याच क्युबिकलच्या, म्हणजे टॉयलेटच्या एका कप्प्याच्या, दारावरची पाटी बदलून केलेलं ‘सर्वांसाठी’ टॉयलेट फुकट मिळालं तरी घेऊ नये.

या विषयावर शाळांच्या पालकसभांत खूप वाद होतो, पण तो बहुतेक वेळा पाटीवर होतो. भिंत किती उंच आहे, कडी कशी आहे, हात धुवायची जागा कुठे आहे, हे कुणी विचारत नाही. मुलांचा रोजचा त्रास मात्र तिथेच आहे. टॉयलेटला जायला नको म्हणून मुलं दिवसभर पाणी पीत नाहीत. लघवी धरून ठेवली की मूत्रमार्गाच्या संसर्गाला वाव मिळतो, शौच धरून ठेवलं की मल कडक होतो आणि पुढच्या वेळी दुखतं, म्हणून मूल आणखी टाळतं. त्यामुळे खाली प्रत्येक मांडणीला एकच प्रश्न लावला आहे: मूल तिथे न घाबरता, वेळेत जाऊन येतं का?

पाटी बदललेली जुनी क्युबिकलं: पाचपैकी शून्य

शाळांत सर्रास दिसणारं क्युबिकल म्हणजे १२ मिलीमीटर जाडीचे कॉम्पॅक्ट लॅमिनेटचे (थर दाबून केलेल्या कडक फळीचे) पत्रे, पायांवर उभे केलेले. खाली साधारण १५० मिलीमीटर मोकळं, एकूण उंची दोन मीटरच्या आसपास, वर पुन्हा मोकळं, आणि दाराच्या दोन्ही बाजूंना काही मिलीमीटरच्या उभ्या फटी. ही रचना खोलीत सगळे एकाच लिंगाचे असतील असं गृहीत धरून केलेली आहे. तिथे मुलगे-मुली एकत्र आणले की खालच्या फटीतून मोबाईल सरकवणं आणि शेजारच्या कमोडवर उभं राहून डोकावणं हे दोन धोके पहिल्याच दिवशी उभे राहतात.

काही शाळा खालच्या फटीला पट्टी मारतात. पण वरची बाजू उघडीच राहते. तीही बंद केली तर हवा कोंडते, कारण जुना एक्झॉस्ट फॅन पूर्ण खोलीसाठी असतो, प्रत्येक कप्प्यासाठी नाही. या दुरुस्तीत पैसे घालू नयेत.

पूर्ण उंचीची बंद क्युबिकलं, बाहेर सामायिक वॉशबेसिन: पाचपैकी तीन

नव्या शाळा-इमारतींत हीच मांडणी सगळ्यात जास्त सुचवली जाते. तिचा एक फायदा खरोखर मोठा आहे. जुन्या पद्धतीत बाहेरच्या दारामागे एक आतली खोली असते, जिथे शिक्षकाची नजर पोचत नाही. दादागिरी, धूम्रपान, धक्काबुक्की हे सगळं क्युबिकलपेक्षा त्या वॉशबेसिनच्या जागेत जास्त घडतं. नव्या मांडणीत बाहेरचं दारच नसतं. बेसिनची रांग व्हरांड्यातून दिसते आणि जाणारा-येणारा शिक्षक सहज नजर टाकतो.

रांगेचा फायदा मात्र सांगतात तेवढा नसतो. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये मांडलेल्या हिशेबात सामायिक टॉयलेटमुळे स्त्रियांची प्रतीक्षा सहा मिनिटांहून दीड मिनिटाच्या आसपास आली होती. हा आकडा शाळांच्या चर्चेतही दिला जातो. पण शाळेत घंटा वाजली की सगळे एकदम येतात, आणि सामायिक करताना बहुतेक वेळा मुताऱ्या काढून टाकतात. त्याचा साधा हिशेब करून पाहू. मुलांकडे तीन मुताऱ्या आणि दोन कमोड, मुलींकडे चार कमोड आहेत. मुतारीला ४० सेकंद, मुलाला कमोडवर ६० आणि मुलीला ९० सेकंद धरले, तर गर्दीच्या पाच मिनिटांत साधारण ३२ मुलगे आणि १३ मुली होतात, एकूण ४५. आता तीन मुताऱ्यांच्या जागेत जेमतेम दोन कमोड बसतात. म्हणजे सगळं एकत्र करून आठ कमोड. सरासरी ७५ सेकंद धरले तर पाच मिनिटांत ३२ जण. मुलींची संख्या १३ वरून १६ वर गेली, मुलग्यांची निम्मी झाली आणि एकूण क्षमता जवळपास तिसऱ्या हिश्शाने घटली. रांगेचा न्याय साधला, पण रांग लांबली. मुताऱ्या वेगळ्या बंद खोलीत ठेवल्या तरच हे टळतं.

बांधकामातल्या चुका इथे सगळ्यात जास्त होतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

हवा: प्रत्येक कप्पा स्वतंत्र खोली झाल्यामुळे प्रत्येकाला स्वतंत्र शोषण लागतं. इंग्लंडच्या बांधकाम मार्गदर्शिकेत दर कमोडमागे सेकंदाला ६ लिटर हा आकडा आहे, तो किमान समजावा. बाहेर जाणाऱ्या हवेइतकी हवा आत यायला वाट हवी. त्यासाठी दाराखाली १० मिलीमीटर फट ठेवण्याची पद्धत आहे, पण मोबाईलची जाडी साधारण ८ मिलीमीटर असते हे कंत्राटदाराच्या लक्षात येत नाही. फट ५ मिलीमीटरवर आणावी आणि दारात उलट्या व्ही आकाराच्या पात्यांची जाळी बसवावी. तिच्यातून हवा येते, नजर जात नाही.

दिवा: हालचाल ओळखणारा एकच सेन्सर बेसिनच्या जागेत लावला की तो बंद कप्प्यातलं मूल पाहू शकत नाही. बाहेर कुणी नसेल तर काही मिनिटांत दिवा विझतो आणि लहान मूल अंधारात किंचाळतं. प्रत्येक कप्प्यात स्वतंत्र सेन्सर हवा, नाहीतर शाळेच्या वेळेत दिवे सरळ चालू ठेवावेत.

पाणी: जुन्या क्युबिकलखालून पाइप फिरवून सगळी फरशी एकदम धुता येते. इथे भिंती जमिनीला टेकल्यामुळे ते जमत नाही. प्रत्येक कप्प्यात उतार आणि स्वतःचा फ्लोअर ट्रॅप लागतो, म्हणजे फरशीतलं पाणी वाहून नेणारं आणि आत थोडं पाणी धरून गटाराचा वायू अडवणारं तोंड. तो नसेल तर भिंतीच्या पायथ्याशी लघवी साचते आणि वास कायमचा मुरतो. ट्रॅप असेल तर त्यातलं ५० मिलीमीटरचं पाणी लांब सुट्टीत आटतं आणि गटाराचा वायू वर येतो. सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी प्रत्येक ट्रॅपमध्ये एक तांब्या पाणी ओतणं एवढाच उपाय आहे, पण तो कुणाच्या तरी कामाच्या यादीत लिहिलेला हवा.

कडी: लाल-हिरवा दर्शक असलेली आणि आणीबाणीत बाहेरून उघडता येणारी कडी लागते. स्वस्त प्रकारात बाहेरची खाच नाण्याने फिरते, आणि हे मुलांना आठवड्याभरात कळतं. खास चावीने फिरणारा प्रकार घ्यावा, चावी मजल्यावरच्या शिक्षकांकडे. दार बाहेरच्या बाजूला उघडणारं, किंवा उचलून काढता येईल अशा बिजागऱ्यांचं असावं. आत चक्कर येऊन पडलेलं मूल दाराला टेकलेलं असेल तर आत उघडणारं दार ढकलता येत नाही, आणि पूर्ण बंद कप्प्यात ते पडलेलं बाहेरून दिसतही नाही.

आवाज: १२ मिलीमीटरचा पत्रा छतापर्यंत नेला म्हणून आवाज अडत नाही. पॅडचं वेष्टन उघडण्याचा आवाज शेजारी जातो आणि पलीकडे वर्गातला मुलगा आहे हे ठाऊक असलेली मुलगी ते उघडतच नाही. वीट किंवा जाड ड्रायवॉल (जिप्समच्या पाट्यांची भिंत) लागते.

एवढं सगळं नीट केलं तरी दोन दोष उरतात, म्हणून गुण तीनच. पहिला दोष सीटचा. उभ्याने लघवी करणारे सगळेच सीट वर करत नाहीत, आणि नंतर येणाऱ्या मुलीला ओली सीट मिळते. मधल्या सुट्टीनंतर सफाईची एक जास्तीची फेरी लावल्याशिवाय सामायिक टॉयलेट सुरूच करू नये. दुसरा दोष अधिक गंभीर आहे. पाळीच्या दिवसांत कपड्याला डाग पडला, हाताला रक्त लागलं, तर ते धुवायला मुलीला उघड्या बेसिनवर, मुलग्यांच्या शेजारी उभं राहावं लागतं. नजरेत राहणारी जागा दादागिरी रोखते हे खरं, पण तीच जागा इथे मुलीची अडचण करते. छतापर्यंतच्या भिंतींनी हे सुटत नाही. ज्या मुली सामायिक टॉयलेटला नकार देतात त्यांच्या नकाराचं हे कारण ठोस आहे, आणि त्याला जुनाट विचार म्हणून बाजूला सारणं अन्याय आहे.

मुलामुलींची वेगळी टॉयलेटं: पाचपैकी साडेतीन

मुलींसाठी बेसिनची जागाही आडोशाची राहते, हा याचा मुख्य गुण. दोष आहेत आणि ते दुरुस्त होण्यासारखे आहेत. दोन्ही बाजूंना सारखं क्षेत्रफळ देणं ही सगळ्यात जुनी चूक. सारख्या जागेत मुलग्यांची सोय मुताऱ्यांमुळे जास्त बसते, मग मुलींची रांग मधली सुट्टी खाऊन टाकते. वाटणी चौरस मीटरने न करता मिनिटांनी करावी. वरच्याच हिशेबात मुलींचे कमोड चारवरून आठ केले तर पाच मिनिटांत २६ मुली होतात.

मुलग्यांच्या बाजूकडे कुणी लक्ष देत नाही. तिथे कमोड कमी, कड्या तुटलेल्या, आणि आत बसलेल्याची टिंगल ठरलेली. त्यामुळे मुलगे शौच घरी जाईपर्यंत धरून ठेवतात. मुताऱ्यांमध्ये खांद्यापासून गुडघ्यापर्यंत आडोसा, आणि कमोडला इथेही पूर्ण उंचीच्या भिंती द्याव्यात. कचऱ्याची झाकणाची पेटी मुलग्यांच्या एका तरी कप्प्यात हवी. आजारपणामुळे पॅड किंवा लघवी-शौचाची पिशवी वापरणारी मुलं असतात.

बाहेरचं दार काढून वळणाचा प्रवेश ठेवला तर नजर आत जात नाही, पण आवाज व्हरांड्यात ऐकू येतो. देखरेखीसाठी तेवढं पुष्कळदा पुरतं.

आत बेसिन असलेली स्वतंत्र खोली: पाचपैकी साडेचार

कमोड, बेसिन, आरसा, हात पुसायची सोय, झाकणाची पेटी, सगळं एका कडीच्या आत. पावणेदोन ते दोन चौरस मीटर जागा पुरते. पारलिंगी विद्यार्थी, पोटाचा किंवा मूत्राशयाचा आजार असलेलं मूल, गर्दीला घाबरणारं मूल, डाग धुवायची वेळ आलेली मुलगी, सगळ्यांना ती चालते आणि कुणाला कारण सांगावं लागत नाही. अर्धा गुण कापला तो जागेसाठी आणि नळकामासाठी. सगळ्या शाळेला पुरतील इतक्या खोल्या बांधणं बहुतेकांना जमत नाही.

दोन चुका टाळाव्यात. खोलीची चावी कार्यालयात ठेवू नये. चावी मागायला जाणारं मूल सगळ्यांच्या नजरेत येतं. आणि दिव्यांगांच्या टॉयलेटलाच ‘तिसरा पर्याय’ म्हणू नये. ते १.५ बाय २.२ मीटरचं असतं ते व्हीलचेअर वळवायला. तिथे रांग लागली की ज्याला दुसरीकडे जाताच येत नाही तो विद्यार्थी बाहेर ताटकळतो.

कायदाही याच दिशेने जातो. इंग्लंडच्या २०१२ च्या शाळा-इमारत नियमांत आठ वर्षं आणि त्यावरच्या मुलामुलींना वेगळी टॉयलेटं बंधनकारक आहेत, अपवाद फक्त आतून बंद होणाऱ्या, एका वेळी एकानेच वापरायच्या खोलीचा. स्कॉटलंडमध्ये १९६७ चे नियम आहेत, आणि एप्रिल २०२५ मध्ये तिथल्या न्यायालयाने सरकारी शाळांना मुलामुलींची वेगळी टॉयलेटं द्यावीच लागतील असं स्पष्ट केलं. आठ वर्षांखालच्यांचा प्रश्न वेगळा आहे. तिथे मोठ्या माणसाला वरून पाहता येईल अशी कमी उंचीची दारं आणि सामायिक वापर हेच सोयीचं.

नवी टॉयलेटं ताब्यात घेण्यापूर्वी अर्धा तास काढून हे करून पाहावं. कप्प्यात टिश्यूचा तुकडा जाळीशी धरावा, तो आत ओढला गेला पाहिजे. बादलीभर पाणी फरशीवर ओतून ते ट्रॅपकडे जातं की भिंतीकडे, ते पाहावं. दार लावून दहा मिनिटं न हलता बसावं आणि दिवा टिकतो का बघावं. बाहेरून नाणं लावून कडी फिरवून पाहावी. मोबाईलचा दिवा लावून तो प्रत्येक फटीशी न्यावा, आत उजेड दिसला तर ती फट बुजवून घ्यावी. आणि शाळा सुरू झाल्यावर मधली सुट्टी संपल्यानंतरच्या दहा मिनिटांत पुन्हा जावं: साबण किती बेसिनवर शिल्लक आहे, किती सीट ओल्या आहेत, किती पेट्या भरल्यात ते मोजावं, आणि सफाईची पुढची फेरी किती वाजता आहे हे तिथल्या सफाई कर्मचाऱ्यालाच विचारावं.